हरणीचं काम



आमचं बोरगाव निपाणी तालुक्यातलं. एका अंगाला दूधगंगा, दुसऱ्या अंगाला इचलकरंजीचा रस्ता. घरात मराठी, बाजारात मराठी-कानडी दोन्ही. माझ्या सासूबाईंचं माहेर अथणीकडचं, त्यामुळं देवापुढं आणि लहान लेकरांशी त्यांची भाषा कानडीच. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. हे आधी सांगते, कारण आज मी ज्या कुत्रीबद्दल बोलणार आहे, तिला आमच्या घरी आल्यावर पहिले दोन दिवस आत्तींशिवाय कुणाचंच बोलणं कळलं नाही.

तिचं नाव हरणी. दरवर्षी ऊस तुटून गेला की आमच्या रानात बकरी बसवायला रायबागकडचे एक मेंढपाळ यायचे. आमच्या भागात मेंढरांनाही बकरीच म्हणतात. रात्रभर कळप रानात बसवायचा, लेंडीखत जमिनीला मिळतं, आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य आणि पैसे द्यायचे. भोवती वाघरीचं जाळं, आत कळप, कडेला तीन दगडांची चूल, आणि अंधार पडला की वाघरीच्या चार कोपऱ्यांना चार कुत्री. त्यातली एक तांबूस रंगाची, लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते तिला हरणीच म्हणायचे.

एका वर्षी त्या मेंढपाळांनी कळप विकला. गुडघ्यांनी साथ सोडली होती, मुलगा इचलकरंजीत मागावर कामाला लागला होता. बाकीची कुत्री भावकीच्या कळपात गेली, ही दीड वर्षाची पोर तेवढी राहिली. "अक्का, हिला तुमच्या दारात राहू द्या," म्हणाले. आम्ही आनंदानं ठेवून घेतली. माझ्या लेकीनं पोत्याला गोधडीचे तुकडे लावून तिला अंथरूण शिवलं.

पण हरणी परड्यातल्या भिंतीला अंग लावून बसून राहिली. "ये, ये," म्हणून आम्ही थकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्ती सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "इल्ली बा." इकडं ये. कुत्री उठली, सोपा ओलांडला आणि त्यांच्या पायाजवळ मुटकुळं करून बसली. आत्तींनी एक शेंग फोडून तिच्यापुढं ठेवली.

श्रोतेहो, या जातीला आपल्याकडं कारवानी म्हणतात. काफिल्यांबरोबर आलेली म्हणून कारवानी, असं तिच्या नावाचं मूळ सांगतात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी तिला नावारूपाला आणलं, म्हणून बाहेरच्या जगात ती मुधोळ. मालोजीराव घोरपड्यांनी यातली एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, हे त्या भागात आजही अभिमानानं सांगतात. 2005 च्या जानेवारीत टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात रामपूर, राजापलयम आणि हिमालयातल्या मेंढपाळी कुत्र्याबरोबर मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. 2016 साली लष्करानं मेरठच्या आपल्या केंद्रात मुधोळची पिल्लं शिकवायला घेतली. आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव घेतलं, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी याच रेडिओवर ऐकलं असेल.

या सगळ्याचा मला आनंदच आहे. आपल्या मातीतल्या कुत्र्याला मान मिळाला. पण त्यानंतर पुण्याकोल्हापुरात फ्लॅटमध्ये राहणारी माणसंही हे पिल्लू मागू लागली, आणि तिथं माझ्या पोटात गोळा येतो. कारण आम्ही तर शेतकरी. आमच्याकडं परडं आहे, मळा आहे. तरी पहिले सहा महिने आम्ही त्या जिवाचे हाल केले.

काय झालं ते सांगते. आल्यापासून दहाव्या दिवशी हरणीनं शेजारच्या तीन कोंबड्या मारल्या. आम्ही भरपाई दिली, माफी मागितली. मग ती मोटारसायकलींच्या मागं धावायला लागली. पाच फुटांची भिंत तिनं जागच्या जागी उडी मारून ओलांडली. लोकांनी बोल लावला, तो रास्तच होता. आम्ही साखळी आणली आणि तिला परड्यातल्या शेवग्याला बांधली.

कोंबड्या वाचल्या. पण महिन्याभरात तिनं पुढचा पाय चाटून चाटून चिंचोक्याएवढी जागा लाल केली. केस गेले, कातडं ओलं राहायला लागलं. मलम लावलं की पुसून काढायची. भाकरी तशीच पडून राहायची. शेवग्याभोवती, साखळी पोचेल तिथपर्यंत, जमिनीवर एक गोल चर पडला होता. पाऊस आला की त्यात पाणी साचायचं, आणि ती त्या पाण्यातनंच फिरायची. ते गोल पाणी मला अजून स्वप्नात दिसतं.

ऑक्टोबरात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते. महाराष्ट्र, कर्नाटक, कुठकुठला धनगर समाज तिथं लोटतो, भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं होतं. त्या यात्रेहून परतताना ते मेंढपाळ हरणीला बघायला आले. कपाळाला भंडारा तसाच होता. त्यांनी तिचा पाय हातात घेतला, पालथा करून बघितला आणि मला विचारलं, "अक्का, ही दिवसभर करते काय?"

मी सांगायला लागले. सकाळी दूध-भाकरी, दुपारी ताक-कण्या, रविवारी अंडी, आठवड्याला अंघोळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "ते झालं. करते काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

जाण्याआधी ते सोप्यात बसून तासभर बोलले, आणि मी आयुष्यात कुत्र्यांबद्दल जेवढं शिकले ते त्या तासात. मेंढपाळाच्या वाड्यावरचं पिल्लू घोड्यावरच्या पाटीत कोकरांबरोबर वाढतं. डोळे उघडल्यावर पहिला वास आईचा आणि दुसरा लोकरीचा. म्हणून कोकरू त्याला घरचं वाटतं, आणि कोंबडी वाटत नाही, कारण पिल्लूपणी ती ओळख कुणी करूनच दिलेली नसते. पहाटे कळप उठला की कुत्रं उठतं, उन्हात कळप बसला की तेही सावलीला पडतं, आणि रात्री त्याची खरी पाळी सुरू होते. त्याच्या दिवसाला असा आकार असतो. आमच्या परड्यात तो आकारच नव्हता. दूध होतं, माया होती, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत रिकामा वेळ होता.

शिवाय या जातीचं शरीरच धावण्यासाठी घडलेलं. छाती खोल, पोट आत गेलेलं, पाठ धनुष्यासारखी. भरधाव धावताना एका ढांगेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. डोळे बाजूला असल्यानं माणसापेक्षा कितीतरी जास्त, साधारण 250 अंशांपर्यंतचं तिला दिसतं. आपण शेजारी उभे असतो आणि आपल्याला काही हललेलं कळतही नाही, तोवर ही निघालेली असते. असं कुत्रं शेवग्याला बांधायचं म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला कोरडं चालवायचं. जळणारच.

त्या दिवशी साखळी सुटली ती सुटलीच. पण मोकळं सोडणं म्हणजे गावात सोडणं नव्हे, हेही मी ठासून सांगते. मामांनी भिंतीवर आणखी दोन फूट जाळी मारून घेतली. पहाटे पाचला माझे यजमान तिला लांब दोरीवर मळ्यात नेतात. ऊस तुटलेल्या मोकळ्या रानात, आजूबाजूला कुणाचं जनावर नाही हे बघून, सोडतात. ती दहा-पंधरा मिनिटं वेडीपिशी धावते, मोठमोठे फेरे घेते, मातीचा धुरळा उडतो. मग येऊन पायाशी पडते, जीभ बाहेर, आणि उरलेला दिवसभर घरात झोपते. खरंच झोपते! ब्रिटनमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरं मिळवून देणारी संस्था 1975 पासून काम करते, आणि त्या घरांमध्येही हाच अनुभव आहे: वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं एकदा पळून झालं की कोपऱ्यात गप पडून राहतं. त्याला चोवीस तास मैदान लागत नाही. रोजचा तेवढा वेळ मात्र चुकवून चालत नाही, पावसात नाही आणि लग्नसराईतही नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. आमच्या सीमाभागात कारवानी कुत्री पाळणारी काही तरुण मुलं रात्री बॅटरी घेऊन सशाच्या मागं जातात. बाळांनो, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुत्र्याला एकदा त्या रक्ताची चटक लावलीत की उद्या शेजारणीच्या कोकराचा जीव तुमच्या हातात राहत नाही. कोंबड्यांचा धडा हरणीला शिकवायला आम्हाला पाच महिने लागले. लेक तिला दोरीवर धरून खुराड्यापासून लांब बसायची. हरणीनं कोंबडीवरची नजर काढून लेकीकडं बघितलं की हातातला भाकरीचा तुकडा द्यायची. दर आठवड्याला दोन पावलं पुढं. आजही मी तिला कोंबड्यांत एकटी सोडत नाही.

प्रकृतीचंही थोडं सांगायला हवं, कारण पिल्लू विकणारे हे सांगत नाहीत. हिच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. थंडीत ती कुडकुडते, तिला उबदार जागा लागते. पोटभर जेवल्यावर लगेच पळवू नये, खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. कारवानीसारख्या ग्रेहाउंडच्या कुळातल्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात, लवकर शुद्ध येत नाही. म्हणून ऑपरेशनची वेळ आली तर जात कोणती ते डॉक्टरांना आधी सांगा. गोचीड रोज हातानं चाचपून काढा, कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात बघा, त्यातून येणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लापासून, पुढं दरवर्षी. घरात पोरंबाळं असताना यात एक दिवसाचीही हयगय नको. कुणाला कुत्रं चावलंच, तर आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

आता पहाटेची धाव झाली. पण "करते काय" या प्रश्नाचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं हरणीनं स्वतः शोधलं.

शेतकऱ्यांना ठाऊक आहे, पंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रातपाळी असली की मामा अकरा-बारा वाजता उठतात, बॅटरी आणि काठी घेतात आणि उसाला पाणी पाजायला मळ्यात जातात. वय अडुसष्ट. आम्हाला काळजी, पण ते ऐकत नाहीत. त्या हिवाळ्यात एका रात्री ते निघाले, तर हरणी सोप्यातून उठून आधीच पायरी उतरून उभी. मामा म्हणाले, येऊ दे. ती पाणंदीनं दहा पावलं पुढं चालली, वळणावर थांबली, ते आल्यावर पुन्हा पुढं. मळ्यात गेल्यावर मामा दारं धरतात, एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवतात, आणि ती बांधावर बसते. मधून उठते, उसाच्या कडेनं एक फेरी मारते, परत येऊन बसते. वाघरीच्या कोपऱ्यावर बसायची तशीच. मेंढरं नाहीत, एक म्हातारा माणूस आहे, आणि तिनं तो राखायला घेतलाय.

तिनं साप हुसकला, चोर पकडला, असलं काही माझ्याकडं सांगायला नाही. ती नुसती बरोबर असते. पण त्या रात्रींपासून तिनं पाय चाटायचा थांबवला. त्या जागेवर आता पांढरट केस आलेत.

म्हणून कुणी मला विचारलं, कारवानी घरात ठेवावं का, तर मी आधी मेंढपाळांचाच प्रश्न विचारते. तुमच्याकडं ते करील काय? पहाटे कुणी उठणार आहे का? एखादी म्हातारी सकाळी देवळात जाते का, तिच्याबरोबर जाऊ द्याल का? पोराला क्लासहून आणायला रोज ठरल्या वेळी नेणार का? काम लहान असलं तरी चालतं, ते रोजचं आणि खरं असलं पाहिजे. हे जमत नसेल तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घरी आणा, ते तुमच्या दिवसाशी जुळवून घेईल, आणि तेवढीच माया देईल. मुधोळचं नाव आणि फोटो यांसाठी या जातीला भिंतीआड कोंडू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

लेकीनं शिवलेलं अंथरूण हरणीनं कधीच वापरलं नाही. मेंढपाळ गेल्या यात्रेला आले तेव्हा स्वतःचं जुनं काळं घोंगडं ठेवून गेले, त्यावर ती झोपते. सोप्याच्या कोपऱ्यात, तोंड शेपटीत खुपसून. आत्ती जाता-येता तिच्याशी कानडी बोलतात, बाकीचे आम्ही मराठी, आणि आता तिला दोन्ही कळतं. या आठवड्यात आमच्या भागाला रातपाळी आहे. मामांनी बॅटरी खुंटीवरनं काढली की त्या घोंगड्यातला एक कान वर होतो.