स्वागताध्यक्षांचे भाषण : गोरखनाथांच्या नावाची चांदी



यंदाच्या मुख्य विषयाकडे, नेपाळच्या चांदीच्या मोहरांकडे, वळतो.

सुमारे साडेपाच ग्रॅम वजनाच्या या मोहरेच्या एका अंगास चौकटीत गोरखा राजाचे नाव व शक, आणि दुसऱ्या अंगास मध्यभागी ‘श्री भवानी’ व तिच्या सभोवार आठ दलांत ‘श्री श्री श्री गोरखनाथ’ ही आठ अक्षरे पाहिली, की ज्या गोरखनाथांची परंपरा गहिनीनाथ-निवृत्तिनाथांच्या द्वारे ज्ञानेश्वरांपर्यंत पोचली, त्यांचेच नाव हिमालयाच्या पेठांतून हातोहात फिरत होते, या जाणिवेने मराठी मन सुखावते. त्याच अठराव्या शतकात आमच्या पेशवाईतील टांकसाळी मात्र दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे फारसी शिक्के पाडीत होत्या. सराफ ज्याला ओळखतो तेच नाणे चालते, हा व्यवहार त्यामागे होता, आणि त्यात मला लाजिरवाणे काही दिसत नाही.

कारण देवनामाने चांदीचा कस वाढत नाही. गोरख्यांपूर्वी काठमांडू, पाटण आणि भादगाव येथील मल्ल राजेही आपल्या मोहरांवर देवतांची नावे घालीत. पाटणच्या नाण्यांवर तर लोकनाथ विराजमान असे. तिबेटातून कच्ची चांदी येई आणि मोहरा होऊन परत जाई; या देवघेवीत दरबारांना घसघशीत नफा होता, तरी अखेरच्या काळात भादगावच्या रणजित मल्लासारख्यांनी चांदीत भरपूर हीण मिसळले. १७६८-६९ मध्ये गोरखा राजे पृथ्वीनारायण शहांनी काठमांडूचे खोरे जिंकून शुद्ध मोहर चालू केली, तेव्हा तिबेटात साठलेल्या त्या हिणकस नाण्यांचा बट्टा कोणी सोसावा हा तंटा उपस्थित झाला. तो नेपाळ व तिबेट या दोन्ही दरबारांत वर्षानुवर्षे घोळत राहिला आणि इतर कारणांची भर पडून १७८८ मध्ये गोरखा फौजा तिबेटात शिरल्या. पुढे १७९२ मध्ये चिनी सैन्य नेपाळात उतरले, तेव्हा कोठे तह झाला.

आमच्यापैकी पुष्कळ संग्राहक लेख वाचतात, शक जुळवतात आणि तेथेच समाधान पावतात. तराजूला हात लावणे त्यांना सोनारकाम वाटते. म्हणून शेजारच्या दालनात मोहरांबरोबर स्वागतसमितीने काटाही ठेवविला आहे; त्याचा उपयोग अवश्य करावा. आता अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी विनंती करतो.