तिसऱ्या मजल्यावरची बाई

(संघटनेच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



शिबिरात एका इंग्रजी कादंबरीवर बोलायचं ठरलं, तेव्हा काहीजणींनी विचारलं, "इतक्या केसेस पडल्यात, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट कशाला?" त्याचं उत्तर शेवटी देते.

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ साली निघाली, तीही 'करर बेल' या टोपणनावानं. एक अनाथ मुलगी मामीच्या घरी वाढते. मामेभाऊ मारतो, ती उलट हात उगारते आणि शिक्षा तिलाच होते. दहा वर्षांच्या जेनला लाल खोलीत कोंडतात. कॉलेजात असताना मी हे वाचलं आणि जेन म्हणजे मीच, असं वाटलं. पुढे ती शाळेत उपासमार सोसते, शिकते, शिकवते आणि थॉर्नफिल्डच्या वाड्यात वर्षाला ३० पौंडांवर शिक्षिका होते. मालक रॉचेस्टरशी लग्न ठरतं. ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये कळतं की त्याची बायको जिवंत आहे, तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली. जेन त्याची रखेल व्हायला नकार देते आणि जवळपास रिकाम्या हातानं बाहेर पडते. शेवटी परत येते ती काकाच्या वारशाचे २०,००० पौंड चौघांत सारखे वाटून, स्वतःच्या पायावर उभी राहून.

ही वाढ लेखिका दाखवते कशी? पहिलं साधन म्हणजे 'मी'. एक गरीब, दिसायला साधी मुलगी स्वतःची कहाणी स्वतः सांगते, वाचकाशी थेट बोलते. हीच या कादंबरीची ताकद. पण जेनला जे दिसत नाही, ते आपल्यालाही दिसत नाही, हे विसरू नका.

दुसरं साधन खोल्या आणि दारं. लाल खोलीचं दार बाहेरून बंद होतं. थॉर्नफिल्डला जेन तिसऱ्या मजल्यावर येरझाऱ्या घालते, मनात म्हणते की बायकांनाही पुरुषांइतकंच मोकळं जगावंसं वाटतं. तेवढ्यात बंद दाराआडून हसणं ऐकू येतं. व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ मध्ये लिहिलं की इथे कथेचा धागा खटकन तुटतो. मला वाटतं, इथेच तो जुळतो. दाराच्या एका बाजूला एक बाई मोकळीक मागतेय, दुसऱ्या बाजूला दुसरी कोंडलेली आहे.

तिसरं आरसा. लाल खोलीतल्या आरशात लहानगी जेन स्वतःलाच भुतासारखी दिसते. लग्नाच्या दोन रात्री आधी बर्था खोलीत येते, जेनची लग्नाची ओढणी डोक्यावर घेते, आणि जेनला तिचा चेहरा दिसतो तो आरशातच. १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि गुबार या अभ्यासकांनी मांडलं की बर्था म्हणजे जेनचा दाबलेला राग. मला हे अर्धंच पटतं. बर्था ही कुणाचा राग नाही, ती एक वेगळी बाई आहे. जमैकातून लग्न करून आणलेली, ३०,००० पौंडांचा हुंडा घेऊन आलेली. त्या काळी लग्नानंतर बाईचा पैसा साधारणपणे नवऱ्याचाच होई. स्वतंत्र मालकीचा पुरता हक्क मिळायला इंग्लंडात १८८२ साल उजाडलं. पैसा त्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे, आणि तिची हकिकत सांगणाराही तोच. तिची बाजू तिच्या तोंडून एकदाही येत नाही. ती यायला १९६६ साल लागलं. कॅरिबियन बेटांवर वाढलेल्या जीन ऱ्हीसनं तिच्यावर स्वतंत्र कादंबरी लिहिली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक गृहस्थ आले. शांत, नम्र, हातात औषधांच्या चिठ्ठ्यांची फाईल. "बायको वेडी आहे हो, रात्रीबेरात्री ओरडते." मी सहानुभूतीनं सगळं लिहून घेतलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. शेवटी आत बोलावलं तेव्हा म्हणाली, "ताई, तीन रात्री मला झोपू दिलं नाही, मग मी ओरडले. तुम्ही ओरडणं तेवढं लिहिलंत."

घरी येऊन मी 'जेन एअर' पुन्हा उघडली. इतकी वर्षं मी जेनच्या बाजूनं वाचत होते आणि वरच्या मजल्यावरचं सगळं रॉचेस्टरच्या तोंडून ऐकून खरं मानत होते. आपल्या विवाह कायद्यातही मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. आजार खरा असतोही, पण तो आहे की नाही हे एकट्या नवऱ्याच्या सांगण्यावरून ठरत नाही, आणि आजारी बाईलाही तिचं म्हणणं असतंच.

त्या दिवसापासून केंद्रात आम्ही नियम केला: आधी बाईशी एकटीशी बोलायचं, फाईल नंतर उघडायची.

जेवणानंतर गटचर्चा आहे. तिथे प्रत्येकीनं आपल्या नात्यातली, वस्तीतली अशी एक बाई आठवा, जिच्याबद्दल आपण फक्त दुसऱ्यांकडून ऐकलंय. तिच्याकडे जायचं कधी, तेही आजच ठरवू.