उसाला निघण्याआधी लेकरांचे दात बघा

आम्ही गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई बोलतोय.

दिवाळी जवळ आली. उचल घेऊन झाली, आता मुकादमाचा निरोप आला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतली माणसं ट्रॅक्टरवर संसार लादून कारखान्याकडे निघतील. काय काय बरोबर न्यायचं हे प्रत्येकीच्या डोक्यात पक्कं असतं. त्यात आज आम्ही एका कामाची भर घालतोय. निघण्याआधी लेकरांचे दात बघून घ्या.

“दुधाचेच दात, पडायचेच आहेत,” असं घरोघरी ऐकायला मिळतं. खरं आहे, पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर लेकराला अजून सात-आठ वर्षं भाकरी चावायची असते. शिवाय ही दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येऊ शकतो.

आपण कीड म्हणतो, पण दातात अळी नसते. गोड आणि चिकट खाणं दातावर राहतं, तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दात पोखरतो. म्हणून किती गोड खाल्लं याच्याइतकंच, दिवसातून किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं. दिवसभर थोडं थोडं बिस्कीट, गोळी किंवा ऊस चघळत राहणं दाताला फार वाईट.

आता बघायचं कसं? लेकराला उजेडात घ्या, डोकं मांडीवर ठेवा आणि वरचा ओठ बोटानं उचला. हिरडीलगत दातावर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात का? ही किडीची पहिली खूण. या वेळी लेकराला काहीच दुखत नसतं, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. पण इथेच पकडलं, तर दात न कोरता कीड थांबवता येते. मग तोंड उघडून मागच्या दाढा बघा. तपकिरी-काळा डाग, खड्डा दिसला तर दंतवैद्याला दाखवायचंच. हिरडीवर पुवाची पुळी असेल, गाल सुजला असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लहान लेकराला दात दुखतो हे सांगता येत नाही. ते एकाच बाजूनं चावतं, घास गालात धरून ठेवतं, कडक भाकरी नको म्हणतं, रात्री रडत उठतं. हट्टी म्हणून रागावण्याआधी तोंडात बघा.

सहा वर्षांच्या आसपास आणखी एक गोष्ट होते. सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच वाटते. ती पक्की दाढ आहे. ती गेली की परत येत नाही. तिच्या खाचांत अन्न अडकतं, म्हणून ब्रश अगदी मागेपर्यंत फिरवा.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. ते दातही तपासतं, पुढे पाठवायचं तर चिठ्ठी देतं. पण पथक येतं तेव्हा लेकरू फडावर असेल, तर त्याची तपासणी राहून जाते. म्हणून निघण्याआधी आम्हाला गाठा, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दंतवैद्य जिल्हा रुग्णालयात असतात. आज एक दिवस मोडेल. पण पौषाच्या थंडीत कोपीत लेकराचा गाल सुजला तर खाडा पडेल, पैसे कापले जातील आणि लेकराचे हाल होतील ते वेगळेच. तशी वेळ आलीच, तर तिथल्या सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं. परगावचे म्हणून मागे राहू नका.

फडावर एवढं सांभाळा. पहिला दात दिसल्यापासून दोन वेळा दात घासा, रात्री झोपताना तर नक्कीच. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत घासायला मोठ्या माणसाचा हात हवा. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती लेकराच्या दातांना लावू नका. ऊस खाल्ला की खळखळून चूळ भरायला लावा.

आणि लेकरं आजीजवळ ठेवून जाणार असाल, तर ओठ उचलून बघायचं कसं ते आजीलाही दाखवून जा. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ झालं.

ट्रॅक्टर दारात यायच्या आधी भेटा. आम्ही अंगणवाडीतच आहोत.