तलावातली जलपर्णी

पनवेल हे तलावांचे गाव.
वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही इथल्या तलावांची नावे.
अशा साचलेल्या पाण्याचा मोठा शत्रू म्हणजे जलपर्णी.

श्रोतेहो, ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली.
फूल जांभळे, देखणे.
देठ फुगीर, दाबला की स्पंजासारखा लागतो.
आत हवा असते, म्हणून ती तरंगते.

रोपाला आडवे धुमारे फुटतात.
टोकाला नवे रोप येते.
पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत रोपे दुप्पट होतात.
मग पाणीच दिसेनासे होते.
खाली ऊन पोहोचत नाही.
प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.
डासांचे मात्र फावते.

उपाय काय?
एक, फुलांआधीच रोपे मुळासकट काढणे.
कारण बी चिखलात अनेक वर्षे टिकते.
दोन, काढलेला ढीग काठावर न ठेवता त्याचे खत करणे.
तीन, जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडणे.
१९८०च्या दशकात बंगळूरच्या तलावांत ते सोडले गेले.

पण जलपर्णी पोसली जाते ती सांडपाण्यावर.
नुसती काढली, तर ती पुन्हा येते.
म्हणून आधी सांडपाणी रोखायचे,
आणि मग जलपर्णी काढायची.