प्रतिकारशक्ती वाढवायची, पण कुठे?



‘ताई, कॅन्सर आहे म्हणतात, तर प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी द्या ना,’ हे वाक्य मी ओपीडीत समुपदेशन करताना आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. पाठोपाठ पिशवीतून एखादा डबा बाहेर येतो, पावडरचा नाहीतर काढ्याचा. कुणा नणंदेनं दिलेला असतो, कुणा शेजारणीनं. हेतू चांगलाच असतो. आज या वाक्याबद्दलच बोलू या. कारण प्रतिकारशक्ती खरोखर वाढवून कॅन्सर बरा करण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केलेला आहे, तोही अगदी जोर लावून. तेव्हा काय झालं ते ऐकण्यासारखं आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ: सायटोकाइन. कोविडच्या दिवसांत ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हे शब्द टीव्हीवर रोज यायचे, आठवतंय? सायटोकाइन म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप. ‘जागे व्हा’, ‘संख्या वाढवा’, ‘आता पुरे’, असे. बाळाला लस दिल्यावर रात्री अंग गरम होतं, ते याच निरोपांमुळे. निरोप थोडा असेल तर ताप येऊन जातो. वादळासारखा उठला तर माणूस अतिदक्षता विभागात जातो.

यातलाच एक निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-2. तो 1976 मध्ये सापडला. टी पेशी, म्हणजे शरीरातले शिपाई म्हणा, या निरोपावर भराभर वाढतात. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले सर्जन स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी तो रुग्णांना मोठ्या प्रमाणात द्यायला सुरुवात केली. आधीच्या रुग्णांत यश येत नव्हतं. 1984 मध्ये मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, अंगभर पसरलेल्या एका तरुण स्त्रीच्या गाठी नाहीशा झाल्या. ती पुढे कित्येक वर्षं जगली. 1992 मध्ये मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी आणि 1998 मध्ये मेलॅनोमासाठी अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

आता दुसरी बाजू. शंभर रुग्णांमागे साधारण 15 जणांच्या गाठी आकसल्या, सहा-सात जणांच्या पूर्ण गेल्या. बाकीच्यांना फायदा झाला नाही, त्रास मात्र जवळजवळ सगळ्यांना झाला. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागायचं. अंग सुजायचं, रक्तदाब कोसळायचा, फुप्फुसांत पाणी भरायचं. औषध दर आठ तासांनी द्यावं लागे आणि बहुतेकदा अतिदक्षतेची सोय हाताशी ठेवूनच. सुरुवातीच्या काळात काही रुग्ण उपचारानेच दगावले. कारण सरळ आहे. चोर एका घरात शिरलाय आणि आपण गावभर दवंडी पिटली. सगळे काठ्या घेऊन बाहेर पडले, सापडेल त्याला झोडायला लागले. गंमत म्हणजे हा निरोप शिपायांना आवरणाऱ्या पेशींनाही वाढवतो. एकाच वेळी ‘धावा’ आणि ‘थांबा’.

तेव्हा प्रश्न असा पडला की दवंडी न पिटता निरोप फक्त त्या घरी कसा पोचवायचा?

इथे अँटिबॉडी कामाला येते. मराठीत प्रतिपिंड. अँटिबॉडी एकच विशिष्ट खूण ओळखते आणि तिलाच जाऊन चिकटते. स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन घेतलेल्या मैत्रिणी ऐकत असतील, तर ते औषध म्हणजे अशीच एक अँटिबॉडी, हर-2 ही खूण शोधणारी. आता अशा अँटिबॉडीच्या पाठीवर सायटोकाइन बांधून पाठवलं तर? पत्ता अँटिबॉडीचा, निरोप सायटोकाइनचा. या जोड-औषधांना इम्युनोसायटोकाइन म्हणतात.

स्वित्झर्लंडमधले दारियो नेरी आणि त्यांचे सहकारी यांनी यासाठी एक चांगला पत्ता निवडला. गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. तिथे फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा एक खास तुकडा असतो, जो मोठ्या माणसाच्या निरोगी शरीरात जवळपास कुठेच नसतो. ‘जवळपास’ म्हणते, कारण पाळीनंतर गर्भाशयाचं अस्तर पुन्हा तयार होतं तेव्हा तिथे तो दिसतो. बायकांच्या शरीरात दर महिन्याला नवी बांधणी होते, त्याचीच ही साक्ष. या तुकड्याला चिकटणाऱ्या एल-19 या अँटिबॉडीला एकदा इंटरल्यूकिन-2 आणि एकदा टीएनएफ नावाचं दुसरं सायटोकाइन जोडलं, आणि दोन्ही मिळून थेट मेलॅनोमाच्या गाठीत टोचली, आठवड्यातून एकदा, फार तर चार वेळा. त्यानंतर ऑपरेशन. युरोपातल्या 256 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये मांडले गेले. नुसतं ऑपरेशन झालेल्या गटात आजार परत न येता गेलेला मध्य काळ सुमारे सात महिने होता, इंजेक्शन घेतलेल्या गटात सुमारे सतरा. त्रास बहुतेक टोचलेल्या जागेपुरता, सूज आणि लाली. दवंडीच्या काळाशी ताडून पाहा.

तरी हुरळून जाऊ नका. मेलॅनोमा आपल्याकडे विरळा. आपल्याकडचे कॅन्सर स्तनाचे, गर्भाशयमुखाचे, तोंडाचे. शिवाय गाठीत टोचण्याऐवजी शिरेतून दिलं, तर वाटेत रक्तातल्याच पेशी निरोप उचलून घेतात. म्हणून आता काही शास्त्रज्ञ मुद्दाम सायटोकाइन थोडं दुबळं करून जोडतात, म्हणजे वाटेत गोंधळ कमी व्हावा. अशी काही औषधं बरीच पुढे जाऊन सोडूनही द्यावी लागली आहेत.

आता त्या डब्याकडे येते. प्रतिकारशक्ती म्हणजे रेडिओचं बटण नव्हे, फिरवलं की आवाज वाढला. संधिवात, ल्यूपस, थायरॉइडचे कितीतरी आजार हे आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्यावर केलेल्या हल्ल्याचे, आणि ते बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. डब्यातली पावडर प्रतिकारशक्ती खरंच वाढवत असेल, तर ती कुठे वाढवणार, हे देणारीला विचारा. बहुधा ती काहीच वाढवत नसते, पण केमोथेरपी चालू असताना यकृतावरचा भार मात्र वाढवू शकते. म्हणून डबा लपवू नका, डॉक्टरांसमोर ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून बायका सांगत नाहीत, आणि मग काविळीचं कारण शोधण्यात आठवडे जातात.

आणि तुमच्या घरच्या रुग्णासाठी नव्या औषधाच्या चाचणीचं कुणी सुचवलं, तर घाबरूही नका आणि लगेच सहीही करू नका. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. 2009 पासून आपल्या देशात ही नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. चाचणीतल्या औषधाचे पैसे कुणी मागितले, तर रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्या कमिटीचा फोन नंबर संमतीपत्रावरच छापलेला असतो.

पुढच्या वेळी केमोथेरपीच्या दिवसांतल्या जेवणाबद्दल बोलू. प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.