जिल्ह्यातील शाळा आणि रोजचा ताळा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारी आम्ही माणसे. तरीही जिल्ह्यातील शाळांविषयी चार शब्द बोला, असे संस्थेने सुचविले तेव्हा नाही म्हणवले नाही. कारण या मंडपात बसलेल्या बहुतेकांची पहिली पाटी जिल्हा परिषदेच्या शाळेतच फुटलेली आहे.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक मोठा मान आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग परिषद भरली. त्या परिषदेसाठी बाबासाहेब आले तेव्हा त्यांचा मुक्काम गावच्या शाळेच्या इमारतीत होता. त्या वास्तूला वंदन करायला आपण आवर्जून जातो. मात्र वंदन करून आपापल्या गावी परतल्यावर, आपल्या गावच्या शाळेत तिसरीतल्या किती मुलांना धडा वाचता येतो, हे विचारणारा आपल्यात एखादाच निघतो.

आम्हांस हा प्रश्न पडला तो बँकेच्या काउंटरवर. शिष्यवृत्तीचे पैसे काढायला आई येते, सोबत मुलगा असतो. आईचा अंगठा असतो, म्हणून स्लिप मुलगा भरतो. खाते क्रमांक बरोबर लिहितो, आकड्यातली रक्कमही लिहितो, आणि ‘रुपये अक्षरी’ या ओळीपाशी त्याचे पेन थांबते. मुलगा सातवीत असतो. त्याच्याच मागे रांगेत, त्याच केंद्रातल्या, चार कोसांवरच्या दुसऱ्या गावची पाचवीतली मुलगी उभी असते. ती आपली स्लिप भरते आणि त्याचीही भरून देते. दोघांची पुस्तके तीच, गुरुजींचा पगार तोच, आईबापांची गरिबीही जवळपास तीच. मग चार कोसांत एवढे अंतर का पडावे? आणि त्या मुलीच्या शाळेत जे चांगले चालले आहे, ते या मुलाच्या शाळेपर्यंत चालत का जात नाही? आमच्या मते जिल्ह्याच्या शिक्षणाचा खरा प्रश्न एवढाच आहे. एखादी उत्तम शाळा सगळ्याच तालुक्यांत सापडते. तिचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तिच्या गुरुजींना पुरस्कार मिळतो, आणि शेजारची शाळा होती तिथेच राहते.

हे चालणे घडावे म्हणून व्यवस्था नाही, असे मुळीच नाही. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९९४ साली शासनाने शाळांचे गट पाडून केंद्रे केली, राज्यात ४८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. केंद्रातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, कोणाचे काय जमले, कोणाचे कुठे अडले ते बोलावे, यासाठी शिक्षण परिषद ठरली. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय होते? परिपत्रके वाचली जातात, माहितीचे तक्ते गोळा होतात, चहा होतो. ज्याला शिकवायला अडचण आहे तो गप्प बसतो, कारण अडचण सांगितली की ती आपल्या नावावर चढते अशी त्याला धास्ती असते. सगळीकडे असे होते असे आम्ही म्हणणार नाही. जिथे होत नाही तिथल्या मुली दुसऱ्यांच्या स्लिपा भरून देतात.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचे नाव शिक्षक बंधू-भगिनींनी ऐकले असेल. बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील काही केंद्रांचा गट. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी सुमारे चाळीस शाळांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. मुलाने पाठांतर न करता स्वतः हाताळत, बोलत, चुका करत शिकावे, ही ती पद्धत. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परत आल्यावर अनेकांनी वर्गाच्या फरशीवर तशीच चित्रे, आकडे, तक्ते रंगवून घेतले. फरशी रंगली हे चांगलेच झाले. पण कुमठ्याची गोम रंगात नव्हती. चाळीस शाळांचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात जात होते, एकमेकांना विचारत होते, ही खरी गोम. रंगाचा डबा बाजारात मिळतो. एकमेकांना विचारण्याची सवय मात्र विकत मिळत नाही, ती लावून घ्यावी लागते.

पुढे २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकू शकते, हे त्याचे मूळ सूत्र. शाळा प्रगत ठरविण्यासाठी निकष आले, चाचण्या आल्या. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु याच ठिकाणी आमच्या बँकेतला अनुभव सांगावासा वाटतो.

बँकेत रोज संध्याकाळी रोकड मोजून जुळवल्याशिवाय कोणी घरी जात नाही. पन्नास रुपयांचा फरक पडला तर त्याच संध्याकाळी व्हाउचरे चाळली जातात, आणि बहुधा फरक सापडतो. तोच फरक मार्चअखेरीस शोधायला बसलो तर जन्मात सापडणार नाही. शाळेचेही तसेच आहे. जूनमध्ये ज्या मुलाला जोडाक्षर अडले, ते जूनमध्येच कळले तर आठ दिवसांचे काम. एप्रिलच्या परीक्षेत कळले तर वर्ष गेले, आणि मूल पुढच्या वर्गात ढकलले गेले. म्हणून सुधारणा म्हणजे वर्षाकाठी एक मोहीम नव्हे, ती रोजची मोजणी आहे.

आता दुसरी बाजू. रोकड कमी भरली की लगेच शिक्षा, असे वातावरण असेल तर कॅशियर काय करील? खिशातले पन्नास रुपये घालील आणि ताळा जुळला म्हणून सांगेल. वही स्वच्छ दिसेल, चूक मात्र जागच्या जागी राहील. शंभर टक्के शाळा प्रगत झाल्याचे आकडे कानावर आले तेव्हा आम्हांस या खिशातल्या पन्नास रुपयांची आठवण झाली. मोजणी हवी, पण तिची भीती नको. हे दोन्ही एका वेळी साधणे हीच अधिकाऱ्याची कसोटी.

२०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद, असे चार. त्यांच्या गुणांकनात शिक्षणाला तीस टक्के भार दिला गेला. वित्तीय समावेशन आणि कौशल्य विकास मिळून दहा, म्हणजे आमच्या खात्यालाही थोडे काम लागले. जिल्ह्याचा क्रमांक वर सरकला की आनंद होतोच. पण परंड्याच्या कोणत्या वस्तीशाळेत काय बिनसले आहे, ते क्रमांक सांगत नाही. ते त्या वस्तीवरच विचारावे लागते.

ध्येय तरी काय ठेवावे? ते कागदावर आधीच ठरलेले आहे. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून वाचावे आणि साधा हिशेब करावा, आणि हे देशभर २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्यात म्हटले आहे. एवढे वाक्य अंगठा करणाऱ्या आईलाही समजते. जे ध्येय तिला समजत नाही ते जिल्ह्याचे ध्येय होऊ शकत नाही, ते कार्यालयाचे ध्येय राहते.

या ध्येयाची सर्वांत कठीण परीक्षा होते ती ऊसतोडीच्या काळात. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता नवराबायकोचा जोडीने धरायचा असतो, मग मूल कोणाकडे ठेवायचे? ते बैलगाडीत बसते. नोव्हेंबरात हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ सुरू होते आणि पाडव्याच्या आसपास परत येते तेव्हा दिवाळीपूर्वीचे अर्धे विसरलेले असते. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, म्हणजे गावातच आजीआजोबांजवळ राहून शाळेमार्फत जेवणाची सोय. जी मुले जातातच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. सोयी आहेत. परंतु टोळी निघाल्यावर प्रस्ताव केला तर वसतिगृह कोणासाठी? यादी सप्टेंबरमध्येच हवी. मागच्या वर्षी कोण गेले, कोण राहिले, राहिलेले कशामुळे राहिले, आजी होती म्हणून की गुरुजी घरी गेले म्हणून, हे लिहून ठेवले तर यंदाची यादी गेल्या वर्षीपेक्षा शहाणी होईल. हे एकट्या गुरुजीचे काम नाही. इथली शाळा, तिथली शाळा, अंगणवाडीताई, मुकादम आणि आपण, सर्वांनी एकच गोष्ट धरली तरच ते मूल सुटणार नाही.

काही बांधव म्हणतील, आमची मुले तर गावातल्या इंग्रजी शाळेत जातात, आम्हांला याचे काय? पगारदार माणूस धाराशिव, तुळजापूर, उमरगा गाठतो हे खरे. वाडीवर जो मागे राहतो त्याला दुसरी शाळा नसते. त्या शाळेचा पट घटला की ती बंद करण्याची भाषा सुरू होते, आणि तेव्हा मोर्चाला आपल्यालाच बोलावले जाते. त्यापेक्षा आधीच गेलेले बरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. अनेक गावी आपल्या बायाबापड्या या समितीच्या सदस्य आहेत. सभेची वही घरी येते, सही होते, वही परत जाते. सभेत जाऊन एकच प्रश्न विचारावा: मागच्या महिन्यात किती मुलांना वाचता येत नव्हते आणि आज किती? प्रश्न रागाने नको. आकडा वाईट असेल तर गुरुजींना, आम्ही काय करू शकतो, असे लगेच विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. महाविद्यालयात जाणाऱ्याने रविवारी विहारात तासभर बसून तिसरी-चौथीच्या दोन मुलांकडून वाचून घ्यावे. दोनच. दहा घ्याल तर वर्ग होईल, मग दांडी होईल.

येत्या सप्टेंबरपूर्वी प्रत्येक गावासाठी दोन नावे हवी आहेत. एकाने समितीच्या सभेची तारीख कळवायची, दुसऱ्याने तोडीला जाणाऱ्या घरांची यादी करून गुरुजींना द्यायची. त्यासाठी आम्ही एक जाड वही आणली आहे, प्रत्येक तालुक्याला दहा पाने सोडली आहेत. भोजनदानाच्या वेळी आम्ही मंडपाच्या दाराशी वही घेऊन बसू. पेन ज्याने त्याने आणावे. आमच्याकडचे पेन बँकेत दोरीला बांधलेले असते.