बांधकामाचा करार व आपली जबाबदारी

(महोत्सवी सभेंतील भाषण)



आजच्या मंगलप्रसंगीं बांधकामाच्या कराराविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय रुक्ष खरा. परंतु शाळेची खोली, सभागृह किंवा विहीर हीं कामें आपण वर्गणीच्या पैशांतून करितों, आणि तो पैसा शेतकऱ्याच्या व मजुराच्या घामाचा असतो. मनोरा बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. खर्चाबरोबर जबाबदारीचाही हिशेब आधींच व्हावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, तेलंगण सरकारनें गोदावरीवर मेडीगड्डा येथें ८५ दरवाजांचा प्रचंड बंधारा बांधला. ता. २१ जून २०१९ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. ता. २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच्या सातव्या भागांतील खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीनें पायाखालील वाळू वाहून गेल्याचें कारण दाखविलें, आणि आखणी, आराखडा, कामाची गुणवत्ता व देखभाल या सर्वांतच उणिवा काढल्या. पुढें प्रश्न उभा राहिला कीं, दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावा? सरकार म्हणे, बांधणाऱ्यानें. बांधणारा म्हणे, काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला आणि दोष-दायित्वाची मुदतही संपली. नदींतील खांबांचा वाद अशा रीतीनें कागदावरील तारखेवर येऊन ठेपला.

यांतून पहिला धडा हा कीं, पूर्णतेचा दाखला घाईनें देऊं नये. उद्घाटन निराळें आणि पूर्णता निराळी. महोत्सवाची तारीख पत्रिकेंत छापली गेली म्हणून अपुऱ्या कामावर सही करण्याचा मोह आपल्यासारख्या संस्थांस फार होतो. उरलेल्या कामांची यादी करावी, तीं पुरीं करून घ्यावीं, आणि मगच सही करावी. शिवाय देयकाचा कांहीं भाग राखून ठेवावा व छपरावरून निदान एक पावसाळा गेल्यावर तो द्यावा. आपल्या जंगल-मुलखांतील पाऊस हा फार कडक परीक्षक आहे.

दुसरें, जें काम झांकलें जाणार तें झांकण्यापूर्वीं मोजावें. वरोरा-भद्रावतीकडील काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते. तेथें पाया किती खोल गेला हें भिंत उभी राहिल्यावर कोणास दिसणार? दोन्ही पक्षांनीं खड्ड्याच्या कांठावरच मोजमाप-पुस्तकांत सह्या कराव्या.

तिसरें, कराराचा प्रकार ओळखावा. ठोक रकमेचा करार सोयीचा वाटतो. पण पाया हातभर खोल न्यावा लागला तर वाढीव खर्च कोणाचा, हें त्यांत स्पष्ट हवें. बाबवार दराच्या करारांत झालेल्या कामापुरतेच पैसे द्यावयाचे असतात. तेथें मोजणारा माणूस प्रामाणिक व जाणता लागतो.

चौथें, मुदत. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ सालीं बसली. आरंभींचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. तो पुढें १८,००० कोटींच्या वर गेला. कारणें अनेक होतीं. पण लांबलेल्या प्रत्येक वर्षानें दर वाढविले, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिला. विलंबासाठीं करारांत जबर दंड लिहिला म्हणजे निर्धास्त होतां येत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमान्वयें न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी तेवढीच भरपाई देववितें.

शेवटीं आपलें कर्तव्य. जागा वेळेवर मोकळी करून द्यावी, देयक अडवूं नये, आणि खिडकी इकडची तिकडे करावयाची तर तोंडीं न सांगतां लेखी कळवावें. आपण पैसे थकविले तर कंत्राटदारापेक्षां आधीं गवंड्याची व विटा वाहणाऱ्या बाईची चूल विझते.

करार सर्व सभासदांस मराठींत वाचून दाखवावा व समजल्यावरच त्यावर सही व्हावी. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांचीं नातवंडें त्या छपराखालीं बसणार आहेत.